पहिला पिक हातात आहे: क्वार्टरबॅक घ्यायचा की पिक विकायचा?

वायव्य_वारा (धागाकर्ता)

एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडणं, जवळ आला की तोच वाद. वरचा पिक (निवडीची पाळी) हाताशी आहे, चांगला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा) समोर दिसतोय, तर तो उचलावा की पिक विकून चार खेळाडू पदरात पाडून घ्यावेत? चर्चेला शिकागो बेअर्स घेऊ, कारण त्यांनी दोन्ही करून पाहिलंय.

२०२३ ला त्यांनी पहिला पिक कॅरोलायना पँथर्सना दिला. बदल्यात त्याच वर्षीचे ९वा आणि ६१वा पिक, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा आणि वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) डीजे मूर. पँथर्सनी क्वार्टरबॅक ब्राइस यंग घेतला, हंगाम २ विजय १५ पराभव असा गेला आणि २०२४ चा पहिला पिकही आयताच बेअर्सकडे आला. या खेपेला त्यांनी तो विकला नाही. क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घेतला आणि आधीचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स याला पिट्सबर्गला देऊन टाकलं.

जीएम (संघ उभा करणारा मॅनेजर) एकच, रायन पोल्स. वर्षभराच्या अंतराने दोन उलटे निर्णय. 'दुसऱ्या वर्षीचा पोरगा जास्त चांगला होता' यापलीकडे काही कारण आहे का? आवडीनिवडी नकोत, हिशोब सांगा.

आयपीएलचा लिलाव बघून इथे आलेल्यांसाठी एवढंच: इथे पैशाची बोली नसते. मागच्या हंगामात जो सर्वांत मार खाल्लेला, त्याचा नंबर पहिला; सगळ्या संघांची एकेक पाळी झाली की एक फेरी. तो नंबर मात्र विकता येतो.

चौथा_डाउन

हिशोबच हवा असेल तर कोच जिमी जॉन्सनच्या तक्त्यापासून सुरुवात करा. डॅलस काउबॉइजने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आणलेला तक्ता आहे. त्यात प्रत्येक पिकला गुण आहेत: पहिला ३०००, दुसरा २६००, तिसरा २२००, सहावा १६००, नववा १३५०, बारावा १२००, सोळावा १०००, बत्तिसावा ५९०. पुढे नवे तक्ते बरेच आले, पण बोलणी सुरू करायला अजून हा पुरतो.

आता २०२३ चा व्यवहार मांडा. ९वा १३५० आणि ६१वा २९२, मिळून १६४२. ३००० ला १३५८ कमी पडले. पुढच्या वर्षीचा पिक एक फेरी खालचा धरायचा असा रिवाज आहे. म्हणजे २०२४ चा पहिल्या फेरीचा पिक दुसऱ्या फेरीच्या मध्यावर धरला तर साधारण ४२०. २०२५ चा दुसऱ्या फेरीचा दोन वर्षं लांब, म्हणून चौथ्या फेरीचा धरला तर सत्तरच्या आसपास. उरले ८७० च्या जवळपास, ते डीजे मूरच्या नावावर. तक्त्यात तेवढे गुण १९व्या-२०व्या पिकला आहेत. तीन वर्षांचा करार शिल्लक असलेला, पहिल्या दिवसापासून खेळणारा रिसीव्हर त्या भावात मिळणं अजिबात महाग नाही. पहिल्याच हंगामात त्याने ९६ झेल आणि १३६४ यार्ड काढले.

खडूस_पंच

तक्ता ठीक आहे, पण 'पुढच्या वर्षीचा पिक एक फेरी खाली' हा रिवाज डोळे मिटून लावला की फसगत होते. समोरचा संघ कोण आहे ते आधी बघा. तो पिक किती वरचा येईल ते त्याच्या पुढच्या हंगामावर ठरणार.

पँथर्सनी ऑक्टोबर २०२२ मध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्या क्रिश्चन मॅकॅफ्रीला सॅन फ्रान्सिस्कोला विकलं होतं. मार्चमध्ये आपला सर्वांत चांगला रिसीव्हर याच सौद्यात देऊन टाकला. मग ५ फूट १० इंचांच्या, २०४ पौंडांच्या नवख्या क्वार्टरबॅकला मैदानात उभं केलं आणि त्याला त्या हंगामात ६२ सॅक बसले (म्हणजे चेंडू फेकायच्या आतच पाडलं गेलं). कोच फ्रँक राइखला ११ सामन्यांनंतर घरी पाठवलं. म्हणजे बेअर्सनी मूर मागितला तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या: स्वतःला रिसीव्हर मिळवला, आणि ज्याचा पुढचा पिक आपल्या खिशात आहे त्याच संघाला दुबळं केलं. हे गुणांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

नवी_मुंबई_टू_नेपरविल

मग हाच नियम समजायचा का? दुबळ्या संघाला विका, पुढच्या वर्षी पहिला पिक मिळेल?

खडूस_पंच

नाही हो. पहिला पिक मिळणं हा जॅकपॉट होता, तो धरून चालायचं नसतं. २०१६ ला टेनेसीने पहिला पिक लॉस एंजेलिस रॅम्सना विकला, रॅम्स ४-१२ खेळले, तेव्हा टेनेसीला २०१७ चा पाचवा पिक मिळाला. हे झालं चांगलं उदाहरण. २०२१ ला मायामीने तिसरा पिक सॅन फ्रान्सिस्कोला दिला. पुढच्या वर्षी हातात आलेला पिक होता २९वा. मुळात तगडा असलेला संघ फक्त क्वार्टरबॅकसाठी वर येत असेल तर त्याचे पुढचे पिक खालचेच येणार. अशा वेळी रिवाजाने एक फेरी खाली धरलेलंच बरोबर, आणि पिकची संख्या वाढवून मागायची. मायामीने तेच केलं: १२वा, २०२२ आणि २०२३ चे पहिल्या फेरीचे, शिवाय तिसऱ्या फेरीचा एक.

अवांतर: त्या तिसऱ्या पिकवर आलेला ट्रे लान्स ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या पिकवर डॅलसला गेला. तोवर सॅन फ्रान्सिस्कोची गाडी २०२२ च्या शेवटच्या, २६२व्या पिकचा ब्रॉक पर्डी चालवत होता.

कॅपवाली_मावशी

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला पगाराच्या घड्याळात दिसतं. कॉलेजमधला पोरगा किती चांगला, हे त्यानंतर.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारापासून नवख्यांचा पगार पिकच्या क्रमांकानुसार जवळपास बांधलेला आहे. त्याआधी काय होतं? २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड: ६ वर्षं, ७८ मिलियन डॉलर, त्यातले ५० गॅरंटीड. २०११ चा पहिला पिक कॅम न्यूटन: ४ वर्षं, २२ मिलियन. एका वर्षात एवढा फरक. तेव्हापासून स्वस्त क्वार्टरबॅक ही लीगमधली सर्वांत मोठी सवलत झाली.

केलेब विल्यम्सचा करार ४ वर्षांचा, सुमारे ३९.५ मिलियनचा, पूर्ण गॅरंटीड. २०२४ ची सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) २५५.४ मिलियन होती. पहिल्या वर्षी तो कॅपच्या तीन टक्क्यांच्या आत बसतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॅक प्रेस्कॉटने वर्षाला ६० मिलियनचा करार केला. मधल्या फरकात दोन चांगले लाइनमन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी म्हणजे लाइन), एक रिसीव्हर आणि एक पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) येतात.

आता फील्ड्स. तो २०२१ चा ११वा पिक. पहिल्या फेरीच्या खेळाडूचा करार ४ वर्षांचा, आणि पाचवं वर्ष हवं की नको ते संघाने तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीला कळवायचं. २०२० च्या करारापासून 'हवं' म्हटलं की ते वर्ष लगेच पूर्ण गॅरंटीड होतं.

- मार्च २०२३: फील्ड्सची दोन स्वस्त वर्षं बाकी. अजून एक हंगाम बघायला काही पडत नाही. पिक विकणं सोयीचं.
- मार्च २०२४: एकच स्वस्त वर्ष बाकी. दोन महिन्यांत २०२५ साठी सुमारे २५.७ मिलियनवर हो किंवा नाही म्हणायचंय. पिक परत विकला तर महागड्या फील्ड्सला बांधून घेतल्यासारखं.

विल्यम्स घेतला की तेच घड्याळ नव्याने सुरू होतं: चार वर्षं, पाचवं वर्ष धरून पाच. दोन्ही निर्णय मला तरी एकाच सूत्राचे वाटतात.

चौथा_डाउन

मावशी, सहमत, एक पुरवणी. संघात आधीच मोठ्या कराराचा, खरोखर चांगला क्वार्टरबॅक असेल तर विकायचंच, विचारही करायला नको. २०१८ ला इंडियानापोलिसकडे अँड्र्यू लक होता. त्यांनी तिसरा पिक जेट्सना दिला आणि ६वा, ३७वा, ४९वा आणि २०१९ चा दुसऱ्या फेरीचा पिक घेतला. फक्त तीन जागा खाली आले आणि सहाव्यावर गार्ड (लाइनमधला खेळाडू) क्वेन्टन नेल्सन मिळाला. ३७व्यावर ब्रेडन स्मिथ, म्हणजे लाइनचे दोन माणूस एकाच सौद्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये लकने निवृत्ती घेतली ही वेगळी गोष्ट. त्यावरून तो सौदा वाईट ठरत नाही.

रेडझोन_राणी

इथे एक गोष्ट कुणी बोलत नाहीये: विकायचं ठरलं तर किती खाली जायचं?

पद्धत सोपी आहे, पाळायला अवघड. आपल्या यादीत खेळाडूंचे गट पाडा. ज्यांच्यापैकी कुणीही मिळाला तरी चालेल असे किती आहेत ते मोजा. समजा सात आहेत. आता आपल्याआधी नक्की जाणारे आणि आपल्याला नको असलेले क्वार्टरबॅक त्यात मिळवा. तीन असतील तर दहाव्या जागेपर्यंत उतरायला हरकत नाही. अकराव्यावर गेलात की गट संपण्याची भीती.

क्वार्टरबॅक जितके जास्त वर जातात तितके बाकीचे आपोआप खाली येतात. २०२४ ला पहिल्या १२ मध्ये सहा क्वार्टरबॅक गेले: विल्यम्स, जेडन डॅनियल्स, ड्रेक मे, मायकेल पेनिक्स, जे जे मॅकार्थी, बो निक्स. त्यातले चार नवव्याच्या आधीच, त्यामुळे रोम ओडुन्झेसारखा रिसीव्हर बेअर्सना नवव्यावर मिळाला. २०२३ ला पहिल्या चारात तीन गेले. बेअर्स नवव्यावर होते, तिथून फिलाडेल्फियाशी अदलाबदल करून अजून एक पायरी उतरले, वर २०२४ चा चौथ्या फेरीचा पिक घेतला आणि त्यांना हवा असलेला टॅकल (लाइनच्या टोकाचा) डार्नेल राइट दहाव्यावर घेतलाच. एका जागेला चौथी फेरी. (त्या पिकवर पुढे टोरी टेलर नावाचा ऑस्ट्रेलियन पंटर (लाथेने चेंडू लांब मारणारा) आणला. हसू नका, पंटरही लागतो.)

उलट उदाहरण मायामीचं. तिसऱ्यावरून बाराव्यावर गेले, हे फार खाली झालं हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्याच दिवशी फिलाडेल्फियाला स्वतःचा २०२२ चा पहिल्या फेरीचा पिक देऊन सहाव्यावर परत चढले. मिळालेल्यातला एक पहिल्या फेरीचा पिक चढण्यातच गेला.

नवी_मुंबई_टू_नेपरविल

फील्ड्सचे एवढे कमी का आले पण? सहाव्या फेरीचा पिक म्हणजे जवळपास फुकट.

रेडझोन_राणी

उशीर. क्वार्टरबॅकच्या खुर्च्या मार्चच्या मध्यापर्यंत भरतात. २०२४ ला कर्क कझिन्स अटलांटाला गेला, रसेल विल्सन पिट्सबर्गला, बेकर मेफील्ड टँपालाच राहिला. फील्ड्सचा सौदा झाला १६ मार्चला. तोवर गिऱ्हाईक उरलं होतं ते पर्यायी क्वार्टरबॅक शोधणारं. सौद्यात अट होती की ५१ टक्के स्नॅप (स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन प्ले सुरू होणं) खेळला तर सहावी फेरी चौथी होईल. तेही झालं नाही, कारण सहा सामन्यांनंतर विल्सन बरा होऊन परत आला.

तुलनेला २०२१ चा सॅम डार्नोल्ड. जेट्सनी त्याला ड्राफ्टच्या तीनेक आठवडे आधी कॅरोलायनाला दिलं आणि २०२१ चा सहाव्या फेरीचा, २०२२ चे दुसऱ्या आणि चौथ्या फेरीचे पिक घेतले. तेव्हा कॅरोलायनाला सुरुवातीचा क्वार्टरबॅक हवा होता. समोरच्याला गरज किती यावर भाव ठरतो. जुना माणूस विकायचाच असेल तर फेब्रुवारीत, इंडियानापोलिसच्या कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या खेळाडूंच्या चाचण्या) सगळे जीएम एका गावात असतात तेव्हा बोलणी उरकायची.

टेपवाला

सगळं गणित झालं, पण पोरगा चालेल का हे कोण बघणार? 'टॉपचा क्वार्टरबॅक' ही पदवी लोक फार स्वस्तात वाटतात.

टेप बघताना मी लांब फेकीच्या रील बघत नाही. तिसरा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा), सात किंवा जास्त यार्ड बाकी, एवढेच प्ले वेगळे काढा. वरून घेतलेला, बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारा कॅमेरा लावा. शॉटगनमधून (क्वार्टरबॅक लाइनपासून मागे उभा) स्नॅप, तीन पावलं मागे, मागचा पाय टेकला की व्हिडिओ थांबवा. आता बघा: पहिला रिसीव्हर झाकलेला आहे का? आहे. मग पुढच्या अर्ध्या सेकंदात त्याचे खांदे आणि पाय दुसऱ्या रिसीव्हरकडे वळतात, की फक्त डोकं वळतं आणि पाय तिथेच? पाय वळत नसतील तर चेंडू उशिरा आणि मागे पडणार. असे पन्नास-साठ प्ले पाहिले की सवय कळते. मोकळ्या मैदानातला ७० यार्डांचा बॉम्ब पाहून काहीच कळत नाही.

दुसरं, सॅक. दबाव आल्यावर त्यातले किती वेळा सॅक झाला हे प्रमाण कॉलेजमधून बरोबर येतं. लाइनला दोष देऊन ते पूर्ण धुतलं जात नाही. विल्यम्स कॉलेजातही चेंडू धरून ठेवायचा, २०२४ ला त्याला ६८ सॅक बसले. लाइन वाईट होतीच, पण सगळे लाइनच्या नावावर टाकू नका.

तिसरं, किती सामने सुरुवातीपासून खेळलाय. मिच ट्रुबिस्की १३, अँथनी रिचर्डसन १३, ट्रे लान्स १७. दुसऱ्या टोकाला जेडन डॅनियल्स ५५, बो निक्स ६१. कमी सामने म्हणजे वाईटच असं नाही, पण कमी सामन्यांवर तीन पहिल्या फेऱ्या देणं म्हणजे न पाहिलेल्याचे पैसे मोजणं.

डेट्रॉइटचा_दिनू

ट्रुबिस्कीचं नाव काढलंच आहे तर: २०१७ ला बेअर्स तिसऱ्यावरून दुसऱ्यावर चढले, एका जागेसाठी ६७वा, १११वा आणि २०१८ चा तिसऱ्या फेरीचा पिक दिला. त्याच ड्राफ्टमध्ये कॅन्सस सिटी २७व्यावरून दहाव्यावर आली, बफेलोला २७वा, ९१वा आणि २०१८ चा पहिल्या फेरीचा पिक दिला आणि पॅट्रिक माहोम्स नेला. तक्ता दोन्ही सौदे मान्य करतो.

खडूस_पंच

विकणाऱ्यांचंही नेहमी भलं होतं असं नाही. २०१२ ला सेंट लुइस रॅम्सनी दुसरा पिक वॉशिंग्टनला क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी दिला. मिळाले त्या वर्षीचे ६वा आणि ३९वा, शिवाय २०१३ आणि २०१४ चे पहिल्या फेरीचे. ग्रिफिनने पहिलं वर्ष गाजवलं, जानेवारी २०१३ मध्ये गुडघा गेला आणि नंतर तो तसा राहिला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दोन संघ भेटले तेव्हा रॅम्सनी नाणेफेकीला त्या सौद्यातून आलेले खेळाडू कॅप्टन म्हणून पाठवले आणि २४-० ने सामना मारला. टाळ्या. पण २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत रॅम्सचा एकही हंगाम जिंकलेल्या सामन्यांच्या बाजूने झुकला नाही. बचाव चांगला, चेंडू फेकायला माणूस नाही.

क्लीव्हलंडचं तर विचारू नका. २०१६ ला दुसरा पिक फिलाडेल्फियाला विकला, तिथे क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ गेला. त्यातून आलेला २०१७ चा १२वा पिक पुन्हा ह्यूस्टनला विकला, तिथे क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन गेला. २०१७ ला क्लीव्हलंड ०-१६. पिक साठवून ठेवायची वस्तू नाही, कधीतरी ती क्वार्टरबॅकवर लावावी लागते.

चौथा_डाउन

टेनेसीने मात्र २०१६ ला नीट वापरले. आलेल्यातला ४५वा पिक म्हणजे चेंडू घेऊन पळणारा डेरिक हेन्री.

कॅपवाली_मावशी

आणि पिक विकायचं ठरलं तरी फोनवर 'झालं' म्हणून भागत नाही. दोन्ही संघांनी लीगला स्वतंत्रपणे कळवावं लागतं, दोघांचे तपशील जुळले तरच सौदा. २०२३-२४ ला पहिल्या फेरीत प्रत्येकी १० मिनिटं होती. २००३ ला १५ मिनिटं असूनही मिनेसोटाचं सातव्या पिकवर हसं झालं: बाल्टिमोरशी बोलणी चालू असताना वेळ संपली, जॅक्सनव्हिलने पुढे घुसून क्वार्टरबॅक बायरन लेफ्टविच नेला, मग कॅरोलायनाने जॉर्डन ग्रॉस. मिनेसोटाची निवड नवव्यावर लागली. बाल्टिमोरला चढायचं होतं तेच मुळी लेफ्टविचसाठी. म्हणून मोठे सौदे मार्चमध्येच करायचे, आणि ड्राफ्टच्या रात्रीसाठी दोनतीन संघांशी आकडे आधीच ठरवून ठेवायचे: 'अमुक खेळाडू तेव्हा शिल्लक असेल तर हा भाव.'

वायव्य_वारा (धागाकर्ता)

बरंच कळलं. मग २०२४ चा बेअर्सचा हंगाम ५-१२ का गेला? घड्याळ बरोबर, पिक बरोबर, मूर, ओडुन्झे, कीनन ॲलन असे रिसीव्हर.

टेपवाला

कोच आणि लाइन. नवा क्वार्टरबॅक आणताना जुना मुख्य कोच मॅट एबरफ्लूस ठेवला. नोव्हेंबरमध्ये आधी ऑफेन्सचा (हल्ल्याचा) कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रन गेला, मग थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटकडून हरल्यावर एबरफ्लूसही. पोराला एकाच हंगामात प्ले सांगणारे बदलले. त्याच वर्षी वॉशिंग्टनने आधी कोच डॅन क्विन आणला, क्लिफ किंग्जबरीला ऑफेन्स दिलं, टायलर बियाडाझला सेंटरला (लाइनच्या मधोमध) बसवलं, मग दुसऱ्या पिकवर डॅनियल्स. १२-५ आणि थेट कॉन्फरन्सची फायनल (सुपर बोलच्या आदली फेरी).

बेअर्सनी हे एक वर्ष उशिरा केलं. जानेवारी २०२५ मध्ये नवा मुख्य कोच बेन जॉन्सन, मग मार्चमध्ये लाइनचा मधला भाग पुरता बदलला: जो थूनी, जोना जॅक्सन, ड्रू डालमन. २०२५ ला विल्यम्सचे सॅक निम्म्याहून खाली आले आणि हंगाम ११-६. म्हणून पिक विकणाऱ्याने आलेल्या पिकमधला एखादा तरी लाइनवर लावायचा. राइट तसाच आला होता, पण एका टॅकलने काय होतंय.

नवी_मुंबई_टू_नेपरविल

शेवटचा प्रश्न. यंदा क्वार्टरबॅक साधारण असतील आणि पुढच्या वर्षी चांगले येणार असं सगळे म्हणत असतील तर?

रेडझोन_राणी

मग पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक मागा, तोही हरणाऱ्या संघाचा. २०२५ ला क्लीव्हलंडने दुसरा पिक जॅक्सनव्हिलला दिला, ते ट्रॅव्हिस हंटरसाठी चढले. क्लीव्हलंडने पाचवा, ३६वा आणि २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक घेतला, पाचव्यावर डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या पुढच्या फळीतला) मेसन ग्रॅहम. फक्त 'पुढच्या वर्षी चांगले येणार' हे वाक्य दर वर्षी मे महिन्यात ऐकू येतं आणि जानेवारीपर्यंत त्यातली निम्मी नावं गळालेली असतात. तेवढ्या बोलण्यावर हातचा चांगला क्वार्टरबॅक सोडू नका.